कापडाची पारख आणि घामाचा पैसा

बैल घ्यावयाचा झाला तर आमचा शेतकरी दोन बाजार पालथे घालतो. जनावराचे दांत पाहतो, खांदा चाचपतो, चार पावलें चालवून बघतो, विकणाराला उलटेसुलटे प्रश्न विचारतो, आणि एवढें होऊनही एक रात्र घरीं विचार करून मगच पैसे मोजतो. सुतार फळीची गांठ पाहतो, चांभार कातडें वांकवून पाहतो, कुंभार मडक्यावर बोट मारून आवाज ऐकतो. पारख ही आमच्या कष्टकरी घरांतली विद्या आहे. ती कोणा पंडितानें आम्हांस दिलेली नाहीं. परंतु हाच शेतकरी आणि हाच कारागीर कापडाच्या दुकानाची पायरी चढला कीं ही सारी विद्या पायताणाबरोबर बाहेर काढून ठेवतो. दुकानांतला लखलखाट, गादीवर उलगडलेले रंग, हातांत आलेला चहाचा कप, आणि "काकी, हा माल तुमच्यासाठींच राखून ठेवला होता" हें गोड बोलणें; एवढ्यावर वर्षाच्या घामाचा पैसा गल्ल्यांत पडतो. ह्या गोष्टीचा आज थोडा सविस्तर विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमच्या गडमुडशिंगीसारख्या गांवानें तरी कापडाच्या बाबतींत फसूं नये. करवीर तालुक्यांतलें हें गांव कापडाच्या पेठेला लागूनच आहे. शेजारीं वळिवड्यास १९४३ ते १९४८ पर्यंत युद्धामुळें परागंदा झालेल्या सुमारें ५,००० पोलिश लोकांची छावणी होती. ते गेल्यावर फाळणींत घरदार गमावून आलेले सिंधी बंधु त्या जागीं वसले, आणि त्यांनीं गांधीनगरची कापडाची घाऊक पेठ उभी केली. पूर्वेस इचलकरंजी, तेथें १९०४ सालीं विठ्ठलराव दातार यांनीं पहिला यंत्रमाग सुरू केला आणि आज त्या शहराचा संसारच मागावर चालतो. खुद्द कोल्हापुरांत छत्रपति शाहू महाराजांनीं १९०६ सालीं कापडाची गिरणी काढली. आज ती बंद आहे, पण तिचें नांव आमच्या भागांत कोणी विसरलें नाहीं. म्हणजे कापड विणणारे आम्ही, वाहणारे आम्ही, शिवणारे आम्ही, आणि कापड घेतांना आंधळे तेही आम्हीच! रिकाम्या हातांनीं आलेल्या माणसांनीं हिशेबाच्या जोरावर जी पेठ उभारली, तिच्यांत आम्हीं हिशेब घरीं ठेवून जावें, हा दोष पेठेचा नव्हे. प्रामाणिक व्यापारी पुष्कळ आहेत, आणि प्रामाणिक व्यापाऱ्याला जाणतें गिऱ्हाईक आवडतें.

पहिली गोष्ट किंमतीची. आमच्याकडे स्वस्त आणि महाग हे दोनच शब्द चालतात, आणि ते चिठ्ठीवरच्या आंकड्यावरून ठरतात. वास्तविक कापडाची किंमत तें किती दिवस अंगावर टिकतें ह्यावर ठरली पाहिजे. धरा कीं, एक सदरा २५० रुपयांचा आहे आणि तो २५ वेळां धुतल्यावर विरतो. दुसरा ६०० रुपयांचा आहे आणि तो १२० वेळां धुतला तरी टिकतो. पहिल्याची एका धुण्याची किंमत १० रुपये पडली, दुसऱ्याची ५ रुपये. हें गणित चौथीच्या पोरालाही सुटतें. मग स्वस्त कोणता? उलट, एखादा सदरा केवळ छापील नांवासाठीं १,५०० रुपयांना घेतला, तर तो ह्याच हिशेबानें ३०० वेळां धुतला तरी टिकला पाहिजे. तेवढा तो टिकणार नसेल तर जास्तीचे पैसे कापडाला नव्हे, नांवाला दिले. सबब, महाग तेवढें चांगलें हीही समजूत तितकीच खोटी.

येथें आमचे कित्येक वाचक म्हणतील, "गुरुजी, गणित बरोबर आहे, पण खिशांत अडीचशेंच असले तर सहाशेंचा सदरा कोठून आणावा?" हा प्रश्न खरा आहे. गरिबाला वस्तु महाग पडते ती ह्याच कारणानें. ज्याच्याजवळ एकदम पैसे असतात तो एकदांच खर्चतो. ज्याच्याजवळ नसतात तो थोडेथोडे करून दुप्पट देतो. परंतु आमच्या घरांत एकदम पैसा कधींच येत नाहीं असें मात्र नव्हे. दुधाचें बिल दहा दिवसांनीं येतें, दिवाळीच्या तोंडावर फरक हातीं पडतो, ऊस गेल्यावर हप्ता येतो. त्या चार दिवसांत एकेका माणसाला चार-पांच कपडे घेतले जातात आणि पुढें वर्षभर हात आंखडतो. वरचेंच गणित पुढें चालवा. अडीचशेंचे पांच सदरे म्हणजे १,२५० रुपये, आणि एकूण १२५ धुण्या. सहाशेंचे दोन सदरे म्हणजे १,२०० रुपये, आणि एकूण २४० धुण्या. पैसे पन्नास कमी लागले आणि कपडा जवळजवळ दुप्पट चालला. संख्या कमी करा, जात वाढवा, हा ह्यांतला सारांश. शिवाय लग्नसराईंत आणि दिवाळींत गर्दी असते, तेव्हां भावाची घासाघीस होत नाहीं व माल उलगडून पाहावयासही मिळत नाहीं. ज्याला वर्षाची खरेदी करावयाची आहे त्यानें पेठ थंड असतां जावें.

आतां पारखेकडे वळूं. हिला यंत्र लागत नाहीं. डोळा, बोटें आणि थोडें पाणी पुरे.

कापड प्रथम उजेडाकडे धरून पाहावें. ताणा म्हणजे उभे धागे आणि बाणा म्हणजे आडवे धागे. ते घट्ट आणि सारखे बसले असतील तर उजेड एकसारखा गाळून येतो. कोठें दाट, कोठें विरळ असा दिसला तर तें कापड तेथेंच फाटावयाचें. इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगाराची मजुरी पिकावर मोजतात. हें पीक शेतांतलें नव्हे. एका इंचांत किती आडवे धागे बसले तो आंकडा म्हणजे पीक. ज्याच्या श्रमानें कापड होतें त्याचा पगार धागे मोजून ठरतो, मग जो घामाचे पैसे देऊन तेंच कापड घेतो त्यानें धाग्यांकडे नुसती नजरही टाकूं नये काय?

दुसरें, कापड दोन बोटांत धरून जोरानें चोळावें. पांढरी भुकटी सुटली तर समजावें कीं वजन सुताचें नसून खळीचें आहे. असें कापड दुकानांत कडक दिसतें आणि पहिल्या धुण्यांत त्याची जाळी होते. तिसरें, पांढरा हातरुमाल ओला करून कापडाच्या कोपऱ्यावर घासावा. रुमालाला रंग लागला तर तो रंग पुढें घरांतल्या सगळ्या कपड्यांना लागणार. चौथें, शिवलेला कपडा उलटा करून पाहावा. आमच्या बायाबापड्या कपड्याचें तोंड पाहतात, पण कपड्याची खरी जात त्याच्या पाठीवर लिहिलेली असते. टांके बारीक आणि सारखे आहेत काय, एका इंचांत दहा-बारा तरी आहेत काय, शिवणीला आंत दाब सोडला आहे काय, काजें उसवलेलीं तर नाहींत, हें पाहावें. मुलांच्या कपड्याला दाब नसेल तर सहा महिन्यांत तो आंखूड झाला म्हणजे टाकूनच द्यावा लागतो.

पांचवें, सूत कीं कृत्रिम धागा? घरीं एक धागा ओढून चिमट्यांत धरून जाळावा. सुती धागा कागदासारखा जळतो व त्याची राख होते. पॉलिएस्टर वितळतें व त्याची कठीण गोळी होते. रेशीम आणि लोकर जळतांना केंस जळल्यासारखा वास येतो. पॉलिएस्टर वाईटच असें आम्ही म्हणत नाहीं. तें लवकर वाळतें, चुरगळत नाहीं, टिकतेंही. पण भर उन्हांत भांगलण करणाऱ्या बाईच्या अंगावर तें घाम टिपत नाहीं, आणि चुलीपुढें किंवा उसाचा पाला पेटवितांना ठिणगी पडली तर तें वितळून कातडीला चिकटतें. सुती लुगडें जुनें झालें तरी त्याची वाकळ होते, पोराचें दुपटें होतें, शेवटीं पुसणें होतें. हाही मोबदलाच आहे, आणि तो कोणत्याही चिठ्ठीवर छापलेला नसतो.

सुताचा नंबर हीही कळण्यासारखी गोष्ट आहे. ८४० वारांची एक लडी. अशा जितक्या लड्या एका रत्तलांत बसतात तितका त्या सुताचा नंबर. म्हणून नंबर मोठा तितकें सूत बारीक. बारीक सूत सणाला शोभतें. रानांत घालावयाला जाड सुताचें कापड घ्यावें. दुकानदाराला नंबर विचारा. नुसतें विचारण्यानेंही त्याचें बोलणें बदलतें असा आमचा अनुभव आहे.

मापांतही पुष्कळ फसगत होते. मीटरचा भाव सगळे विचारतात, पन्हा कोणी विचारीत नाहीं. ३६ इंच पन्ह्याचें कापड १०० रुपये मीटर आणि ५८ इंच पन्ह्याचें १४० रुपये मीटर असेल तर स्वस्त कोणतें? पहिल्यांत रुंदीच्या एका इंचाला सुमारें २ रुपये ७८ पैसे पडले, दुसऱ्यांत २ रुपये ४१ पैसे. म्हणजे चाळीस रुपयांनीं महाग दिसणारें कापड खरें तर स्वस्त! तसेंच वार आणि मीटर ह्यांचा घोळ. वार ३६ इंचांचा, मीटर ३९ इंचांहून थोडा अधिक. नऊवारी लुगडें पुरतें नऊ वार असेल तर तें सव्वाआठ मीटरांच्या आसपास भरलें पाहिजे. घरच्या म्हाताऱ्या अजून हातानें वार मोजतात. त्यांना दुकानांत बरोबर न्यावें, त्यांचा तो हात दुकानांतल्या दहा सुनांपेक्षां अधिक पैसे वांचवील.

आतां सूट आणि सेल. "पन्नास टक्के सूट आणि वर वीस टक्के सूट" अशी पाटी दिसली कीं लोक सत्तर टक्के समजून आंत धांवतात. हजाराचा कपडा पन्नास टक्क्यांनीं पांचशें झाला. वीस टक्के त्या पांचशेंवर, म्हणजे शंभर. तुम्हीं ४०० दिले. सूट साठ टक्के, सत्तर नव्हे. आणि मूळचे हजार तरी खरे होते काय, हा प्रश्न वेगळाच. सूट किती ह्याकडे पाहूं नका; जे पैसे हातांतून जातात त्या पैशांस हा माल योग्य आहे काय, एवढेंच पाहा. वेष्टनावरच्या छापील किंमतीत सर्व कर धरलेले असतात. त्यावर आणखी जीएसटी कोणी मागितला तर देऊं नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के आणि त्याहून महाग नगावर १८ टक्के कर आहे. नवरदेवाच्या झगमगीत पोशाखाचा भाव ठरवितांना हें ध्यानांत असूं द्यावें.

बिल घ्यावें, हें आम्ही दहादां सांगूं. "बिल घेतलें तर कर पडेल, न घेतलें तर शंभर कमी" ह्या बोलण्याला आमचे लोक भुलतात आणि पुढें माल खराब निघाला म्हणजे हातांत पुरावा राहत नाहीं. ग्राहकांच्या रक्षणाचा पहिला कायदा १९८६ सालीं झाला. त्याच्या जागीं २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून अंमलांत आला. बिल न देणें ही त्या कायद्यानें अनुचित प्रथा आहे. सदोष माल परत घेण्यास नकार देणें हीही तशीच. बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतींत, नसेल तर तीस दिवसांत, सदोष माल परत घेऊन पैसे दिले पाहिजेत. "एकदां विकलेला माल परत घेतला जाणार नाहीं" ही भिंतीवरची पाटी कायद्याहून मोठी नव्हे. मात्र रंग आवडला नाहीं, शेजारणीनें नांवें ठेविलीं, म्हणून माल सदोष ठरत नाहीं. दाद लागली नाहीं तर १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या क्रमांकावर सांगावें, किंवा जिल्हा आयोगाकडे जावें. पांच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीस फी पडत नाहीं.

शाळेच्या गणवेशाचीही गोष्ट सांगितली पाहिजे. समग्र शिक्षा योजनेंत एका मुलामागें वर्षाला दोन गणवेशांचे ६०० रुपये धरलेले आहेत. म्हणजे एका गणवेशास ३००. एवढ्यांत सदरा आणि चड्डी किंवा घागरा बसवावयाचा, तेव्हां एक रुपयाही वायां जाऊन चालणार नाहीं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें शाळा व्यवस्थापन समितींत तीनचतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. ही आपलीच सत्ता आहे. ती सही करण्यापुरती वापरूं नये. समितीकडे कापड आलें म्हणजे त्याचा एक मीटर तुकडा मोजून कापावा, रात्रभर पाण्यांत भिजवावा, सकाळीं वाळवून पुन्हा मोजावा. १०० सेंटिमीटरचे ९४ झाले तर शेंकडा सहा आंटलें. असें कापड शिवून दिलें तर पोराची बाही कोपराशीं येणार, आणि वर्गांत तें पोर हात वर करावयास लाजणार. आम्ही वर्गांत उभे राहतों तेव्हां हें रोज पाहतों, म्हणून कळवळ्यानें लिहितों.

परंतु वाचकहो, आतांपर्यंत सांगितलेली सारी बचत एका बाजूस आणि बस्ता व आहेर एका बाजूस. अंगावर घालावयाच्या कापडांत आम्ही शेंकड्यांनीं फसतों. अंगावर कधींच न येणाऱ्या कापडांत हजारांनीं बुडतों. आहेराच्या साडीची जात सर्वांस ठाऊक आहे. ती घेणारालाही ठाऊक असते, देणारालाही. ती घडी न मोडतां एका पेटींतून दुसऱ्या पेटींत जाते, एका लग्नांतून दुसऱ्या लग्नांत जाते, आणि कधींकधीं तीन वर्षांनीं पहिल्याच घरीं परत येते. टॉवेल-टोपीचें तेंच. टोपी डोक्यावर मांडवापुरती. पुढें ती खुंटीवर. हिशेब मांडा. एका लग्नांत ३०० रुपयांच्या ६० साड्या म्हणजे १८,००० रुपये. ८० रुपयांच्या १०० टॉवेल-टोप्या म्हणजे ८,०००. एकूण २६,०००. हे दरमहा शेंकडा दोन रुपये व्याजानें काढले आणि दोन वर्षांनीं फेडले, तर नुसतें व्याज १२,४८० रुपये. म्हणजे ज्या कापडाचा कोणाच्याही अंगाला स्पर्श झाला नाहीं, त्याच्यापायीं त्या घरानें ३८,४८० रुपये दिले. एवढ्यांत एक चांगलें शिलाई यंत्र घरांत येऊन वर पैसे उरतात. मुलीच्या पुढच्या शिक्षणाचा खर्च निघतो. आम्हीं अशा मुली पाहिल्या आहेत कीं ज्यांच्या थोरल्या बहिणीचा बस्ता गाजला आणि धाकटीची शाळा त्याच वर्षीं सुटली.

"लोक काय म्हणतील?" हा एकच प्रश्न ह्या सगळ्याच्या मुळाशीं आहे. लोक म्हणजे कोण? तेही तुमच्यासारखेच कर्ज काढून साड्या देणारे, आणि तुम्ही काय म्हणाल ह्या भीतीनें दबलेले. दोन्हीं घरें एकमेकांच्या भीतीनें बुडतात आणि मान म्हणावा तर कोणाचाच वाढत नाहीं. कारण साडी हलकी होती अशी कुजबुज मांडवांतच सुरू होते, आणि ती ऐकावयाची पाळी बहुधा नव्या सुनेवर येते. साध्या खर्चांत लग्नें लावण्याचा पाठ आमच्या समाजास नवा नाहीं. १८७३ सालीं निघालेल्या सत्यशोधक समाजानें तो घालून दिला होता. तो आम्हीं व्याख्यानांत ठेविला आणि घरांत विसरलों.

म्हणून आम्हीं चार गोष्टी सुचवितों. त्या कोणा एकट्यानें केल्या तर त्याला नांवें ठेवितील. गल्लीनें मिळून केल्या तर तीच रीत होईल.

पहिली, भावकीनें बसून ठराव करावा कीं साडी-टोपीचा आहेर घ्यावयाचा नाहीं आणि द्यावयाचा नाहीं. ज्याला द्यावयाचेंच असेल त्यानें शंभर-दोनशें रुपये वधूच्या नांवें रोख द्यावे. दुसरी, बस्त्याला जाण्यापूर्वीं घरीं कागदावर यादी व रक्कम लिहावी, ती घरांतल्या स्त्रियांनीं लिहावी, आणि दुकानांत यादीबाहेर जाऊं नये. दहा माणसें बस्त्याला नेऊं नयेत. दहा तोंडांच्या पसंतीचे पैसे एका बापाला द्यावे लागतात. तिसरी, बचत गटांनीं मिळून ताग्यानें कापड घ्यावें. घाऊक पेठ शेजारीं असली तरी दोन नगांना घाऊक भाव मिळत नाहीं. तो संख्येला मिळतो. वीस घरांचीं परकर-झंपरांचीं कापडें, मुलांचे सदरे, चादरी एकदम घेतल्या तर भाव करण्याचें बळ येतें. चौथी, तें कापड गांवांतल्याच शिलाई करणाऱ्यांकडून शिवून घ्यावें. तयार कपड्यांनीं त्यांच्या हातचें काम नेलें. मापाचा, दाब सोडलेला, उसवला तर पुन्हा शिवून मिळणारा कपडा तेच देतील, आणि मजुरीचा पैसा गांवांत राहील.

"एक नूर आदमी, दस नूर कपडा" असें म्हणणारांनीं ती म्हण कापड विकण्याच्या सोयीसाठीं केली असावी अशी आम्हांस शंका येते. स्वच्छ, मजबूत, मापाचा आणि फेडलेल्या पैशाचा कपडा घालून जो ताठ उभा राहतो त्याला दुसऱ्या नूराची गरज नाहीं. येत्या लग्नसराईपूर्वीं आमच्या वाचकांनीं हा लेख घरांत मोठ्यानें वाचून दाखवावा, विशेषतः ज्या घरांत यंदा मांडव पडावयाचा आहे तेथें. आणि बस्त्याची तारीख काढण्याआधीं भावकीच्या बैठकीची तारीख काढावी.